भांडवलशाही बरी की साम्यवाद? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्र शिकवतो म्हटलं की हे प्रश्न वर्गात कमी आणि लग्नाच्या पंगतीत जास्त येतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, आपली बाजू घेणारा साक्षीदार हवा असतो. तरीही उत्तरं लिहून काढली आहेत.

दोन्हींतला फरक थोडक्यात सांगाल?

जमीन, कारखाने, यंत्रं कोणाच्या मालकीची, आणि काय किती बनवायचं ते कोण ठरवणार, हे दोन प्रश्न विचारा. भांडवलशाहीत मालकी खासगी असते आणि दिशा बाजारातला भाव दाखवतो. साम्यवादात मालकी समाजाची (व्यवहारात सरकारची) असते आणि दिशा नियोजन मंडळ ठरवतं. तुमची सायकल किंवा घरातली भांडी सरकारजमा करा असं मार्क्स कुठेही म्हणत नाही. भांडण उत्पादनाच्या साधनांचं आहे.

समाजवाद आणि साम्यवाद एकच ना?

नाही. साम्यवादी पक्षांच्या हिशेबात समाजवाद हा वाटेतला मुक्काम आणि साम्यवाद हे शेवटचं स्टेशन. सोव्हिएत युनियननेही स्वतःच्या नावात ‘समाजवादी’ असंच लिहिलं होतं. १९६१ साली ख्रुश्चेव्हच्या काळात पक्षाने वीस वर्षांत साम्यवाद उभारण्याचा कार्यक्रम जाहीर केला. १९८० साली मॉस्कोत ऑलिंपिक भरलं, तेव्हा तिथले लोक म्हणायचे, साम्यवाद देणार होते, त्याऐवजी ऑलिंपिक दिलं.

आणि हो, स्वीडन साम्यवादी नाही. तिथे मोठे उद्योग खासगी आहेत, कर मात्र भरभक्कम आहेत.

भांडवलशाहीची सर्वांत मोठी ताकद कोणती?

लोक ‘नफ्याची प्रेरणा’ म्हणतात. माझ्या मते तिची खरी ताकद म्हणजे भाव ही एक बातमी असते. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ हायेक यांनी १९४५ साली हेच मांडलं: कुठे काय कमी पडलंय याची माहिती लाखो डोक्यांत विखुरलेली असते, ती कोणत्याही एका कचेरीत गोळा करता येत नाही, भाव मात्र ती आपोआप पोचवतो.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट महागलं की जुन्नर तालुक्यात कोणी फतवा काढावा लागत नाही. पुढच्या हंगामाला लागवड वाढते.

पण याच टोमॅटोत तिची खोटही दिसते. सगळेच लागवड वाढवतात, माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. २०२३ च्या मे महिन्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, जुलैत तोच टोमॅटो शहरात शंभरी ओलांडून गेला. बातमी पोचली, पण उशिरा पोचली, आणि मधल्या तोट्याची पावती शेतकऱ्याच्या नावावर फाटली.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे. बाजाराला भूक ऐकू येत नाही, खिसा ऐकू येतो. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं मेली. युद्धाच्या खर्चाने तांदूळ महागला आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या मजुरीत तो येईना. त्यांना तांदूळ हवा होता, पण पैशाअभावी त्यांच्या गरजेची मागणी म्हणून कुठेच नोंद झाली नाही. वर परकं सरकार, त्याला उत्तर देण्याची गरजच नव्हती.

मग साम्यवादाची ताकद कोणती?

ध्येय एकच असेल आणि ते मोजता येत असेल, तर ही व्यवस्था चकित करणारं काम करते. १९३० च्या दशकात अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता, तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये पोलाद कारखाने उभे राहत होते. झारच्या काळातल्या, निम्म्याहून अधिक निरक्षर असलेल्या देशाने क्रांतीनंतर चाळीस वर्षांत, १९५७ साली, स्पुटनिक उडवला आणि १९६१ साली गागारिनला अंतराळात पाठवलं. क्युबाने १९६१ च्या एका वर्षात हजारो तरुण खेड्यांत पाठवून निरक्षरता जवळजवळ संपवली. पूर्व जर्मनीत पाळणाघरांची सोय अशी होती की बहुसंख्य बायका नोकरी करत.

अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८९ साली केलेला एक हिशेब आपल्याला झोंबणारा आहे. चीनमध्ये मोठा दुष्काळ पडला (त्याची गोष्ट पुढच्या उत्तरात), स्वतंत्र भारतात तसा पडला नाही, हे खरं. पण चीनने एरवी आरोग्य आणि रेशन यांत इतकी मजल मारली होती की भारतातला नेहमीचा मृत्युदर चीनएवढा खाली आला असता, तर दरवर्षी लाखो जीव वाचले असते. दर आठ वर्षांनी आपण चीनच्या त्या दुष्काळाएवढी माणसं गुपचूप गमावत होतो. कोणाच्याही पहिल्या पानावर ही बातमी आली नाही.

नियोजन एवढं चांगलं, तर फसलं कुठे?

मोजता न येणाऱ्या गोष्टींत. कारखान्याला टनावर कोटा दिला की झुंबरं जड होतात, नगावर दिला की खिळे बारीक होतात. मॅनेजर चोर नसतो, तो त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. पूर्व जर्मनीत ट्रॅबंट गाडीसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबावं लागे, आणि हाती यायची ती धूर ओकणारी दोन स्ट्रोकची गाडी. ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नव्हता, मग ती सुधारण्याची घाई कोणाला असणार? ‘ते पगार दिल्याचं सोंग करतात, आम्ही काम केल्याचं’ हा विनोद तिथल्याच कामगारांचा.

गाडी उशिरा मिळाली तर माणूस मरत नाही. धान्याचं तसं नसतं. १९५८ साली माओने ‘मोठी झेप’ जाहीर केली. कम्युनचे (गावोगावच्या सामूहिक शेतीचे) पुढारी वरिष्ठांना खूश करायला पिकाचे अचाट आकडे कळवू लागले. गावात प्रत्यक्ष पिकलेलं कोणी मोजत बसलं नाही. सरकारने कळवलेल्या आकड्यांवरच आपला वाटा उचलला आणि शेतकऱ्याच्या कणगीत काहीच उरलं नाही. १९५९ साली लुशानच्या बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओला पत्र लिहून सावध केलं, तर त्यांचंच पद गेलं. त्यानंतर खरं सांगायला कोण धजावणार? या दुष्काळातल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. आकड्यात इतकी तफावत असणं हाच त्या व्यवस्थेवरचा शेरा समजा.

साम्यवादात चुका लपवतात म्हणता, मग भोपाळचं काय?

या पानावरचा मला सर्वांत आवडलेला प्रश्न. दोन दुर्घटना शेजारी ठेवू. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातली विषारी वायुगळती, २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला स्फोट, २६ एप्रिल १९८६. मध्ये दीड वर्षही नाही.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीत रचनेचाच दोष होता. १९७५ साली लेनिनग्राडच्या तशाच भट्टीत अपघात झाला होता, पण तो गुप्त ठेवला गेला. त्यामुळे इतर ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना आपण कशाशी खेळतोय हे कळलंच नाही. स्फोटानंतर शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करायला सुमारे ३६ तास गेले. २८ एप्रिलला स्वीडनच्या अणुवीज केंद्रात किरणोत्साराचे इशारे वाजले, जगाला संशय आला, तेव्हा कुठे मॉस्कोने चार ओळींचं निवेदन वाचलं. १ मे रोजी कीव्हमध्ये कामगार दिनाचं संचलन ठरल्याप्रमाणे निघालं, मुलांसकट.

भोपाळमध्ये मात्र काहीच गुप्त नव्हतं. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून छापत होते की शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. कारखान्यात आधी वायुगळती होऊन कामगार दगावलाही होता. तरी खर्चात बचत म्हणून मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. धोका सगळ्यांना दिसत होता. पण तो टाळण्याचा खर्च कंपनीने करायचा होता आणि न टाळल्याची किंमत समोरच्या जयप्रकाश नगरच्या झोपड्यांनी मोजायची होती. युनियन कार्बाइडची भरपाई १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर मिटली. भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली २०१० साली, दोन वर्षांची. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष अँडरसन खटल्याला कधी आलेच नाहीत. (हा कारखाना चालवणाऱ्या कार्बाइडच्या भारतीय कंपनीत आपल्या सरकारी वित्तसंस्थांचाही पैसा होता. सरकारचा हिस्सा आहे म्हणून कारखाना सुरक्षित होतो, असं मानणाऱ्यांसाठी हा कंस.)

म्हणून कोणी ‘कोणती व्यवस्था चांगली’ विचारलं की मी आधी विचारतो, चूक झाली तर ती कळते कोणाला आणि भरतो कोण? साम्यवादात वाईट बातमी वर चढत नाही. भांडवलशाहीत ती चढते, छापूनही येते, पण ज्याला ती दुरुस्त करता येते तो गळती होणाऱ्या टाकीपासून लांब राहत असतो.

पण भांडवलशाहीत निदान चूक करणारा स्वतः बुडतो ना?

किराणा दुकानदार असेल तर बुडतो. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, हे सगळ्यांना आठवतं. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८,५०० कोटी डॉलरचा आधार दिला, हे फारसं कोणाला आठवत नाही.

एकाच देशात दोन्ही प्रयोग झाले, असं उदाहरण आहे का?

जर्मनी. भाषा एक, इतिहास एक, युद्धात झालेला चुराडाही एकच. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे निघून गेले, म्हणून १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये भिंतीचं काम सुरू झालं. लोक आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालणारे देश पुष्कळ आहेत, हे बाहेर जाऊ नयेत म्हणून होतं. श्टाझी या गुप्तचर खात्यात शेवटी सुमारे ९१,००० पगारी माणसं होती, खबरे वेगळे.

पण १९९० च्या एकीकरणानंतरची गोष्टही सांगायला हवी. पूर्वेचे कारखाने झपाट्याने विकले किंवा बंद केले गेले आणि ज्यांनी बेकारी हा शब्द फक्त वाचला होता त्यांना ती भेटली. पाळणाघरं आठवून उसासे टाकणाऱ्या बायका श्टाझीच्या चाहत्या नव्हत्या.

कोरियाचं उदाहरण देताना एक सावधगिरी बाळगा. १९६० च्या दशकात उत्तर कोरियाच उद्योगांत पुढे होता. आणि दक्षिण पुढे गेला तो मोकळ्या बाजाराच्या जोरावर नव्हे, तर सरकारने उद्योगांना कान धरून कर्ज आणि निर्यातीची लक्ष्यं दिली म्हणून.

चीन आज नक्की काय आहे?

पक्ष साम्यवादी, बाजार बऱ्याच अंशी भांडवली, जमिनीची मालकी अजून खासगी नाही. या वळणाचा एक धागा आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग या दरिद्री खेड्यात सापडतो. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या १८ शेतकऱ्यांनी एका घरात जमून कागदावर अंगठे उमटवले: कम्युनची जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा कोटा भरायचा, उरेल ते आपलं. कोणी तुरुंगात गेला तर त्याची मुलं बाकीच्यांनी वाढवायची, हेही त्यातच. पुढच्या वर्षी धान्य कित्येक पटींनी वाढलं. तंग श्याओपिंगच्या राजवटीने आधी डोळेझाक केली, मग ही पद्धत देशभर पसरवली. माणसं तीच होती आणि जमीनही तीच.

माणूस स्वार्थी असतो, म्हणून साम्यवाद कधीच चालणार नाही. बरोबर?

तुमच्या घरात आजीच्या औषधांचा खर्च तिच्या कमाईतून वळता करता का? ज्याला जमेल त्याने कमवावं, ज्याला लागेल त्याला द्यावं, हे प्रत्येक घरात चालतं. गोव्यातल्या गांवकारीत गावची जमीन शतकानुशतकं सामायिक होती, तिचे तुकडे लिलावाने कसायला देत आणि उरलेल्या उत्पन्नातला वाटा, झोण, गांवकारांत वाटत. (तो पुरुषांनाच, आणि गांवकार घराण्यातल्यांनाच. सामायिक म्हणजे सगळ्यांचं असं नव्हे.) घरात कोण खरंच आजारी आहे आणि कोण सोंग करतंय हे दिसतं. वीस कोटी लोकांत दिसत नाही. त्यामुळे मी स्वार्थापेक्षा आकाराला जास्त दोष देतो.

मुंबईच्या गिरण्या कोणी मारल्या, मालकांनी की लाल बावट्याने?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं घर बहुधा लालबाग-परळच्या जवळपास असतं, म्हणून जपून लिहितो.

लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचा, सुवर्णकाळ आधीचा. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, डांगे आणि त्यांचे साथी. १८ जानेवारी १९८२ चा संप डॉ. दत्ता सामंतांचा, आणि ते कम्युनिस्ट नव्हते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बोनसइतकीच महत्त्वाची मागणी होती १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिलेली मक्तेदारी काढण्याची. म्हणजे कामगारांची तक्रार आपला आवाज वर पोचत नाही अशीही होती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. आजही, कागदोपत्री, तो चालू आहे म्हणा ना.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कापड आधीपासून स्वस्तात काढत होते, हे खरं. पण गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती आणि तिचा भाव कापडाच्या नफ्याला केव्हाच मागे टाकून गेला होता. १९९१ च्या नियमाने मोकळी होणारी जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यांपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती उचलून धरली. भांडवलाचं हेच वैशिष्ट्य: कापडात नफा नाही म्हटल्यावर ते दहा-पंधरा वर्षांत जमिनीत जाऊन बसलं. साचेखात्यात (कापड विणण्याच्या विभागात) वीस वर्षं काढलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला असं कुठे जाऊन बसता आलं? तो कोकणात परतला किंवा त्याच जागेवरच्या मॉलबाहेर वॉचमन झाला.

मग कामगारांच्या राज्यात त्याचं बरं झालं असतं? २ जून १९६२ ला सोव्हिएत युनियनमधल्या नोव्होचेर्कास्क शहरात मांस-लोणी महागलं आणि वेतनही घटलं म्हणून कामगार रस्त्यावर आले. सैन्याने गोळ्या घातल्या, वीसहून अधिक मेले, प्रेतं वेगवेगळ्या गावी गुपचूप पुरली आणि जवळजवळ तीस वर्षं देशाला पत्ता लागू दिला नाही. गिरणगाव हरलं, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

बाबासाहेब आंबेडकर कोणत्या बाजूचे होते?

दोन्ही बाजूंना न पेलणारे. गिरण्यांतल्या ज्यादा पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. लाल बावट्याच्या युनियनला हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात विचारला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. १९४७ च्या आराखड्यात मुख्य उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची असावी, असं त्यांनी मांडलं. आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूत सांगितलं की बुद्ध आणि मार्क्स यांचं ध्येय जवळचं आहे, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग मान्य नाही. ज्याला सोयीचं असेल तेवढंच एक वाक्य उचलतो.

१९९१ आधी भारत साम्यवादी होता का?

नव्हता. परवान्यांचं राज्य होतं, स्कूटर आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, पण उद्योगपती होते, शेअर बाजार होता, निवडणुका होत्या. सरकारी नियोजन हवं असं म्हणणाऱ्यांत टाटा, बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदासही होते, १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये. परदेशी स्पर्धेपासून संरक्षण कोणत्या उद्योगपतीला नको असतं?

मग सहकार हा तिसरा मार्ग म्हणायचा?

कल्पना म्हणून, होय. मालक सभासद, आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास तिथे साखर निघू लागली आणि दुष्काळी नगर जिल्ह्याचा चेहरा पालटला. पुढे काय झालं ते ऊसपट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको. चेअरमनच आमदार, बँकही त्यांची, आणि सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्याचा ऊस वेळेवर तुटत नाही. वाईट बातमी वर न चढण्यासाठी मॉस्कोच असावं लागतं असं नाही. कित्येक कारखाने कर्जात बुडून खासगी मालकांकडे गेले. ऊसतोड मजूर मात्र या सहकाराचा सभासद कधीच नव्हता.

आज आपल्याकडे नेमकं काय आहे?

भेसळ. पगाराची स्लिप काढा. ‘व्यवसाय कर’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. गावात हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचं, आणि त्यासाठी पैसा उभा करायचा शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून. हा कर १९७५ साली बसला तो त्याचसाठी. म्हणजे बाजारात कमावलेल्या पगारातून बाजाराने टाकून दिलेल्या माणसाची मजुरी. मार्क्सवाद्यांनी याला मलमपट्टी म्हटलं, बाजारवाल्यांनी उधळपट्टी. ‘मग फेब्रुवारीत ३०० का कापतात?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. राज्यघटनेने या कराची मर्यादा वर्षाला २,५०० ठेवली आहे, आणि अकरा महिन्यांचे २,२०० झाल्यावर तेवढेच उरतात.